पानी मारलं का, सर?

“पानी मारलं का?”

आमच्या दारात मोटारसायकल उभी राहिली की पहिला शब्द हा. नमस्कार नाही, रामराम नाही, ‘उठलात का सर’ नाही. गाडी स्टँडवर लावायची, चपला बाहेर काढायच्या आणि तरातरा आत येऊन उजव्या हाताची पालथी बाजू भिंतीला लावायची. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग वळून माझ्याकडे बघायचं. “पानी मारलं का, सर?”

तुमच्या घराचं काम कधी निघालं असेल तर असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. काहींना तो आवडतोही म्हणे. मी मात्र त्याला वैतागलो होतो. वैतागलो होतो हे सौम्य झालं. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता.

घर आमचं जामखेडला, पेठेच्या मागच्या गल्लीत. वडिलांनी मातीत बांधलेल्या विटांच्या खोल्या, वर पत्रे. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसाळ्यात गळायचे. एका वर्षी भिंतीला टेकलो तर माती पाठीवर आली. तेव्हा ठरलं, चार खोल्या नव्यानं काढायच्या आणि वर स्लॅब टाकायचा. काम होईपर्यंत भाड्याच्या घरात जाऊ म्हटलं, तर आईनं साफ नकार दिला. “मी ह्या घरातनं एकदाच जानार,” म्हणाली, “आन तवा टेम्पो लागनार न्हाई.” त्यामुळे आम्ही घरातच राहिलो. एक बाजू पाडायची, दुसरीत राहायचं. ती झाली की सामान उचलून इकडे आणायचं.

घर सोडून बाकी सगळीकडे वाळू असते, असं मला आधी वाटायचं. त्या सहा महिन्यांत वरणात वाळू, अंथरुणात वाळू, शाळेतून तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात वाळू. टीव्हीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता. सुमन, म्हणजे माझी बायको, त्या कागदासकट मालिका बघायची, सगळी पात्रं धुक्यात भांडायची. अंघोळीला तीन पत्र्यांचा आडोसा होता. आमची भांडणं मात्र उघड्यावर, कारण भिंतीच नव्हत्या.

मिस्त्री जवळच्या खर्डा गावचा. पन्नाशीचा, काटकुळा, दाढीत थोडी सफेदी आणि थोडं सिमेंट. कोणतं काय ते सांगणं अवघड. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलेलं. आमचं घर हे त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. हे मला त्यानं नाही, आईनं सांगितलं. तो आईशी बोलायचा. माझ्याशी फक्त पाण्याबद्दल.

पहिलं भांडण विटांवरून झालं. जामखेडला उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, ते जामखेडकराला विचारा. नळ आठ दिवसांनी, तोही कधी यायचा, कधी नुसता फुसफुसायचा. सुमननं एक टाकी भरून, झाकण लावून, वर फडकं बांधून ठेवली होती. या गृहस्थानं फडकं सोडून त्यात विटा बुडवल्या.

“माझ्या प्यायच्या पाण्यात विटा घातल्या या माणसानं!” सुमन ओट्यावरून ओरडली.

“वीट कोरडी लावली तर मालातलं पानी पिती, वहिनी,” तो शांतपणे म्हणाला. “मग त्यो माल काय कामाचा?”

“आणि आम्ही काय प्यायचं?”

“उद्या नळ हाय ना तुमचा.”

आमच्या नळाचा वार त्याला पाठ होता. याचा मला जास्त राग आला.

दुसरं भांडण त्यानं स्वतःच रचलेले विटांचे चार थर पाडले तेव्हा. मी शाळेतून आलो तर सकाळी कमरेइतकी असलेली भिंत गुडघ्यावर आलेली. “तीन सूत भायेर गेल्ती,” म्हणाला. मी म्हटलं, “मिस्त्री, तीन सूत म्हणजे अर्धा इंचही नाही, कुणाला दिसणार आहे?” त्यानं ओळंब्याचा दोरा गुंडाळला आणि म्हणाला, “मला दिसंल ना.” आता अशा माणसाशी काय बोलायचं? त्याला दिसू नये म्हणून आमचा एक दिवस गेला.

स्लॅब टाकला तेव्हा तर कहर झाला. वर मालाचे वाफे करून त्यात पाणी साठवायचं, आणि ते दहा दिवस उतरू द्यायचं नाही. टँकर मागवला. खाली आमच्या घागरी कोरड्या आणि डोक्यावर तळं. गल्लीतल्या बायका जिना चढून ते पाणी बघायला यायच्या. एकीनं त्यात ओंजळ बुडवली तर सुमनला रडू फुटलं. त्याच दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं, की हा माणूस आमचं पाणी मातीत घालायला आलाय.

मग आतल्या खोल्यांचा गिलावा झाला. रमजान नुकताच लागला होता, ऊन मी म्हणत होतं. गिलावा झाल्यावर मिस्त्रीचं काम आठवडाभर बंद. त्या आठवड्यात भिंतींना पाणी मारायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि ते घरच्यांनी मारायचं, हा सगळीकडचा रिवाज. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आलं.

“सात दिस, सर,” जाताना त्यानं बजावलं. “पाक पायापर्यंत ओघळ आला पायजे. नुसतं शिंपडायचं न्हाई.”

पहिले दोन दिवस मी मारलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी नळ आलाच नाही. घरात दोन हंडे पाणी. आईला तोंड धुवायला तांब्या द्यायचा तर आधी विचार करायचा. आणि मी बादली घेऊन भिंतीला अंघोळ घालू? टँकरला फोन करावासा वाटला नाही. मिस्त्रीच्या हट्टाला आणखी एक टँकर, हे माझ्या जिवावर आलं.

मग मी एक युक्ती काढली. मिस्त्री रोज आठला येऊन भिंत बघून जायचा आणि मग दुसरीकडच्या बारक्या कामाला जायचा. मी पावणेआठला एक मग पाणी घ्यायचो आणि दर्शनी भिंतीवर हातानं शिंपडायचो, छातीइतक्या उंचीवर, जिथं त्याचा हात लागतो तेवढंच. भिंत काळी पडायची, ओली दिसायची. तीन खोल्या, एक मग. मागची आईची खोली तर मी सोडूनच दिली होती. उरलेलं पाणी झाडाला. खोटं बोललेल्या पोराला वर्गाबाहेर उभं करणारा मी, मला या युक्तीचं फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं पालथा हात लावला, मग नखानं भिंत जरा खरवडली. माझ्याकडे बघून म्हणाला, “वरनं वली हाय, सर. आतनं तान्हेली हाय.”

“मिस्त्री,” मी म्हणालो, “या घरात माणसं तान्हेली आहेत. भिंतींचं नंतर बघू.”

त्याचे ओठ उन्हानं आणि रोज्यानं पापुद्रे धरून होते, ते मला आत्ता आठवतं. तेव्हा दिसले नव्हते. तो म्हणाला, “मानूस दिसभर कळ काढतं, सर. सिमेंट न्हाई काढत.”

दुसऱ्या दिवशी तो आला तो गाडीच्या मागे वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन बांधून. ट्यूबच्या रबरानं करकचून आवळलेले. खर्ड्याहून. त्याच्या दारातल्या हापशाचं पाणी.

समोरच्या ओट्यावर नाना बसले होते. नाना म्हणजे आमच्या समोरचे आडते. त्यांना दोन मजली घर बांधायचं होतं आणि ते सकाळ-संध्याकाळ दात कोरत आमच्या घराकडे बघत बसायचे. मिस्त्रीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, “सरांचं घर कसं उतरतं ते बघू, मग तुझं ठरवू.” नानांचं काम मिळालं तर दोन वर्षं गाव सोडायला नको, असं मिस्त्री आईला म्हणाला होता. हे मला माहीत होतं, आणि तरीही पुढचं मी केलं.

“काय सर,” नाना ओट्यावरून म्हणाले, “मिस्त्रीच पानी पुरवायला लागला का काय तुमाला?”

माझं डोकं सटकलं. गल्लीसमोर आमची लाज निघाली असं वाटलं. “कॅन परत न्या,” मी मिस्त्रीला म्हणालो. “आम्ही भिकारी नाही. माझ्या घराचं मी बघून घेईन.”

त्यानं रबर पुन्हा आवळलं. गाडी वळवली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आठलाच यायचा, रिकाम्या गाडीनं. हात लावायचा, विचारायचा, “पानी मारलं का, सर?” मी म्हणायचो, “मारलं.” तो मान हलवून निघून जायचा. आम्हा दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, आणि रोज सकाळी तेच बघावं लागायचं.

रमजान संपत आला आणि भिंती फुटल्या. फुटल्या म्हणजे पडल्या नाहीत, पण आईच्या टाचांना असतात तशा भेगा गिलाव्यावर उमटल्या. आधी बैठकीत, मग मधल्या खोलीत, मग स्वयंपाकघरात. बोटानं ठोकलं तर आत पोकळ वाजायचं. सुमन कपाळाला हात लावून खाली बसली. सहा महिने वाळू खाल्ली ती यासाठी का, म्हणाली. मला स्वतःच्या युक्तीची आठवण झाली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. झाली होती. म्हणूनच मी इतका मोठ्यानं ओरडलो.

मिस्त्रीला फोन करून बोलावलं आणि आत न नेता दारातच धरलं. गल्ली जमा झाली. नाना ओट्यावरून खाली उतरले. इतके दिवस ‘तुम्ही’ म्हणत होतो, ते ‘तू’ झालं.

“सिमेंट खाल्लंस ना माझं? नुसत्या वाळूचा गिलावा केलास!”

“न्हाई, सर.”

“मग ह्या भेगा काय आभाळातून पडल्या?” आणि मग मी ते बोललो. ते इथं लिहिताना हात अडतो, पण लिहितो. “वरून रोजे धरायचे आणि लोकांचं सिमेंट खायचं!”

गल्लीतले दोघे-तिघे हसले. तो हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. आत गेला, बैठकीच्या भिंतीला पालथा हात लावला, भेगेवरून अंगठा फिरवला, तिन्ही खोल्या फिरून बाहेर आला. आईच्या मागच्या खोलीकडे तो गेलाच नाही. मग सगळ्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात त्यानं विचारलं,

“पानी मारलं हुतं का, सर?”

“रोज,” मी म्हणालो. “दोन टाइम.”

तो माझ्याकडे बघत राहिला नाही. माझ्या खांद्यावरून त्यानं मागे बघितलं. मागे दारात आई उभी होती. मग तो म्हणाला, “मग माझ्याच हाताचं चुकलं आसंल.”

त्यानं थापी, रंधा, ओळंबा पोत्यात घातला, पोतं गाडीला बांधलं आणि गेला. नाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बरं झालं सर, आमचे डोळे उघडले.” महिन्याभरात त्यांनी नगरहून ठेकेदार आणला.

मी जिंकलो होतो. दोन-चार दिवस जेवण गोड लागलं. मग लागेना.

दिवाळीच्या आधी रंगारी आला. म्हातारा, कमी बोलणारा. रंग लावण्याआधी त्यानं लाकडी दांडीनं भिंती ठोकून बघितल्या. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळीकडे ठकठक पोकळ. मग आईच्या खोलीत गेला. तिथला आवाज भरीव आला. चारी भिंती ठोकल्या, एक भेग नाही. इतके महिने मी त्या खोलीत जात-येत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात घ्यायचं नव्हतं म्हणा.

“ही खोली दुसऱ्या मिस्त्रीची का, सर?” रंगाऱ्यानं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

“त्याच मिस्त्रीची हाय,” आई खाटेवरून म्हणाली. “हितं पानी मारल्यालं हाय.”

रंगारी शहाणा होता, तो डबा ढवळायला बाहेर गेला. आई उठली, मागच्या दाराशी गेली आणि पायानं दोन पांढरे कॅन माझ्यापुढे सरकवले. त्यात ती आता नळाचं पाणी भरून ठेवायची. मी ते रोज बघत होतो.

“तू त्याला पुढच्या दारातनं घालवला,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिशी त्यो मागच्या बोळातनं आला. रोज ह्ये दोन कॅन मागल्या दाराला ठिवायचा, आन मग गाडी फिरवून पुढनं तुला इचाराया यायचा. म्हनला, आजी, सरांच्या खोल्यांला मी हात लावू शकत न्हाई, तुमची तरी वाचवू. तू साळंत गेला की मी तांब्या-तांब्यानं मारायची.”

“रोज?”

“आठवडा सरंपत्तुर. त्वांडात पान्याचा थेंब न्हाई आन पाठीमागं दोन कॅन.”

मी विचारलं, मग त्या दिवशी गल्लीत तू बोलली का नाहीस. आई म्हणाली, “लेकाला भर गल्लीत खोटं पाडू? त्यानं माज्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. म्हनून त्यानं मान्य केलं, बाबा. तुज्यासाठी न्हाई केलं.”

मग म्हणाली, “जितं वरडला तितंच जाऊन सांग.”

ते मला झालं नाही. त्यापेक्षा खर्डा सोपं वाटलं. रविवारी मी कॅन गाडीला बांधले, ट्यूबच्या रबरानंच, आणि निघालो. किल्ल्याच्या अलीकडच्या वस्तीत त्याचं घर सापडलं. दारात हापसा होता. त्याची बायको भांडी घासत होती. तिनं मला ओळखलं नाही, पण कॅन ओळखले.

“जामखेडचे सर का तुमी?” तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. बसा म्हणाली नाही. “त्ये न्हाईत. सुप्याला असत्यात. कंपनीच्या शेडवर.”

“मिस्त्री म्हणून?”

“बिगारी म्हनून. हितं कोन काम देतंय? जामखेडला सिमेंट खाल्लं म्हनून झालं ना समद्या पंचक्रोशीत.” ती हे माझ्यावर फेकून म्हणाली नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाली. “दोन महिन्यातनं एकदा येत्यात.”

मी म्हणालो, “त्यांना एक निरोप द्या. म्हणावं, सरांनी पाणी मारलं नव्हतं.”

तिनं हात पुसले, आतून मोबाईल आणला आणि माझ्यासमोरच लावला. “जामखेडचं सर आल्यात. कॅन घिऊन. म्हनत्यात, पानी मारलं नव्हतं.” मग ती ऐकत राहिली. पलीकडून मशिनचा घरघराट मलाही ऐकू येत होता. “देऊ का त्येंच्याकडं?” तिनं विचारलं. मी हात पुढे केला. तिनं फोन कानावरून काढून ओढणीआड धरला.

“त्येंनीच ठिवला,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?”

“म्हनले, मला म्हाईतच हाय, मला कशाला सांगत्यात. ज्येला म्हाईत न्हाई त्येला सांगा म्हनावं.” मग म्हणाली, “आन आजी बऱ्या हायेत का, इचारलं.”

त्याच संध्याकाळी मी गल्लीत उभा राहिलो, जिथं त्याला धरलं होतं तिथंच. समोर नानांचा दुसरा मजला उभा होता. नाना खालच्या ओट्यावर दात कोरत बसले होते. मी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो, “नाना, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं नव्हतं. मी भिंतींना पाणी मारलं नव्हतं. खोटं बोललो मी.”

नानांनी काडी फेकली. “जाऊ द्या ओ सर,” म्हणाले, “आता काय त्येचं? झालं ना घर.”

मी आणखी एकदा म्हणालो, त्याहून मोठ्यानं. त्याला चोर म्हटलं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती. आता एकही दार उघडलं नाही. एका घरातून कुकरची शिट्टी झाली, एवढंच. बदनामी ऐकायला जेवढे कान असतात तेवढे ती परत घेताना नसतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

बैठकीच्या भेगा रंगाऱ्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या. रंग सुकला तशा त्या पुन्हा वर आल्या. येणारे-जाणारे विचारतात, मिस्त्री कोण होता. आता मी खरं सांगतो. लोक हसतात, त्यांना वाटतं सर मिस्त्रीला सांभाळून घेतायत, चांगला माणूस आहे.

आठ वाजता गल्लीत मोटारसायकल वाजली की मी अजून भिंतीकडे बघतो. आई तिच्या खोलीत उठून बसलेली असते. ती हाताची पालथी बाजू भिंतीला लावते, जरा वेळ तशीच ठेवते, आणि मग चहा मागते.